ज्याच्या नावाची संख्या त्यालाच ठाऊक नव्हती

रसायनशास्त्राच्या पुस्तकात एक संख्या असते. आधी ६०२२ लिहायचे आणि त्यापुढे २० शून्ये द्यायची. या संख्येला ॲव्होगॅड्रोची संख्या म्हणतात. विज्ञान शाखेच्या मुलांना ती तोंडपाठ असते. गंमत अशी, की ज्या गृहस्थाच्या नावाने ती ओळखली जाते त्याने ती उभ्या आयुष्यात कधी लिहिली नाही आणि कोणाच्या तोंडून ऐकलीही नाही. त्याच्या पश्चात अर्धशतक उलटल्यावर तिला त्याचे नाव मिळाले. अशा या माणसाची ही चरित्रकथा.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने रसायनशास्त्रज्ञाच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण घरातच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि माझ्या मागोमाग धाकटी बहीण अकरावी विज्ञानाला गेली. तिच्या पुस्तकातले मोलचे प्रकरण तिला काही केल्या उमगेना. ग्रॅमचे मोल करा, मोलचे रेणू करा, रेणूंचे पुन्हा ग्रॅम करा. घरात विचारावे तर विचारायचे कोणाला? आई शेतात जाते, वडील बाजारात धान्याच्या काट्यावर हमाली करतात. मग मीच ग्रंथालयात जाऊन मिळेल ते वाचू लागले. गणित समजण्याच्या आधी मला त्या गणितामागचा माणूस भेटला, आणि तो तर निघाला कायद्याचा पदवीधर! तेव्हा तो थोडासा आपल्याही शाखेचा आहे, असे मानायला हरकत नाही.

आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी इटलीच्या उत्तरेकडील तुरिन शहरात झाला. त्या वेळी इटली हा एक देश नव्हता. लहानमोठी राज्ये होती. तुरिन ही त्यांपैकी सार्डिनियाच्या राज्याची राजधानी होती. ॲव्होगॅड्रोंचे घराणे सरदारांचे, आणि पिढ्यान् पिढ्या कायद्याच्या कामात मुरलेले. वडील न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. मुलाने तीच वाट धरावी हे ओघानेच आले. त्यानेही ती धरली आणि १७९६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवली. पुढे वकिली केली, सरकारी कचेरीत सचिवाचे काम केले. आयुष्य सरळ रेषेत चालले होते.

पण मन रमेना. १८०० च्या सुमारास या तरुण वकिलाने आपल्या सवडीच्या वेळात गणित आणि पदार्थविज्ञान शिकायला घेतले. ना कुठे नाव घातले, ना परीक्षेची आस धरली. त्या काळी विजेच्या नव्या शोधांनी सारे युरोप भारावलेले होते. १८०३ साली ॲव्होगॅड्रोंनी आपल्या भावासह विजेवरचा एक निबंध तुरिनच्या अकादमीला सादर केला. दुसऱ्याच वर्षी अकादमीने त्यांना आपले पत्रसभासद करून घेतले. तिशीच्या आसपास वकिली सुटली आणि शिक्षकी पत्करली गेली. १८०९ साली ते तुरिनजवळच्या व्हेर्चेल्ली गावच्या विद्यालयात पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले.

व्हेर्चेल्ली म्हणजे भातशेतीच्या मुलखातले गाव. पॅरिस आणि लंडन ही त्या काळची विज्ञानाची पंढरी. तिथे मोठमोठ्या प्रयोगशाळा, नामांकित प्राध्यापक, रोजच्या चर्चा. व्हेर्चेल्लीत यातले काही नव्हते. आमच्या मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला जाणे हेच जिथे आम्हाला मोठे काम वाटते, तिथे या गोष्टीचा अर्थ मी वेगळा सांगायला नको. मात्र नियतकालिके व्हेर्चेल्लीत पोहोचत होती, आणि ॲव्होगॅड्रो ती बारकाईने वाचत होते.

त्या नियतकालिकांतून एक पेच गाजत होता. १८०८ साली इंग्लंडच्या जॉन डाल्टनने आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. प्रत्येक मूलद्रव्य अणूंचे बनलेले असते, आणि एका मूलद्रव्याचे अणू वजनाने सारखे असतात, असे त्याचे म्हणणे. त्याच सुमारास फ्रान्सच्या गे-ल्युसॅकने वायू मोजून पाहिले. वायूंचा संयोग होताना त्यांची मापे साध्या पटीत असतात, असे त्याला आढळले. दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या, पण एकमेकींशी त्यांचा मेळ बसत नव्हता.

हा पेच आपल्या मापाने पाहू. माझी आजी अजूनही धान्य पायलीने बोलते, म्हणून पायलीच घेते. दोन पायल्या हायड्रोजन आणि एक पायली ऑक्सिजन यांचा संयोग केला तर पाण्याची वाफ किती होईल? कोणीही म्हणेल, तीन पायल्या. प्रत्यक्षात होते दोनच पायल्या. आता समजा, एका पायलीत वायूचे १००० कण मावतात. मग दोन पायल्या वाफेत पाण्याचे २००० कण झाले. पाण्याच्या प्रत्येक कणात ऑक्सिजन हवाच. पण ऑक्सिजनचे कण तर आपण १००० च घातले होते! १००० कण २००० ठिकाणी कसे वाटायचे? अणू तर तुटत नाही, असे डाल्टन सांगतो. म्हणून डाल्टनने गे-ल्युसॅकच्या मोजण्यावरच शंका घेतली.

व्हेर्चेल्लीच्या अध्यापकाने दोघांनाही खरे ठरवले. १८११ साली त्यांचा निबंध पॅरिसच्या एका नियतकालिकात फ्रेंच भाषेत छापून आला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी, की तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या मापात कणांची संख्या सारखीच असते. दुसरी अशी, की ऑक्सिजन, हायड्रोजन यांसारख्या वायूंचा मोकळा कण एकटा नसतो. तो जोडीचा असतो आणि संयोग होताना त्याचे दोन भाग होऊ शकतात.

आमच्याकडे हे समजायला फार लांब जावे लागत नाही. हरभऱ्याचा दाणा दिसायला एक, पण भरडला की त्याच्या दोन डाळी होतात. ऑक्सिजनचा कण तसा आहे. १००० दाणे भरडले, २००० डाळी झाल्या, पाण्याच्या प्रत्येक कणाला एकेक मिळाली. गे-ल्युसॅकचे माप बरोबर आणि डाल्टनचा अणूही शाबूत, कारण तुटला तो दाणा, डाळ नव्हे. आज आपण दाण्याला रेणू म्हणतो आणि डाळीला अणू. बोलण्याच्या ओघात आपण अणुरेणू हा शब्द एका दमात उच्चारतो, पण त्या दोहोंमध्ये किती अंतर आहे हे पहिल्यांदा या माणसाने दाखवले.

इथे एक शंका निघेल, माझ्या बहिणीनेही काढली होती. एक पायली ज्वारी आणि एक पायली हरभरा यांत दाणे सारखे कुठे असतात? नसतातच. दाणे एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून बारीक दाणा जास्त मावतो. वायूचे तसे नाही. त्याचे कण एकमेकांपासून इतके दूर असतात की कण लहान की मोठा याने मापात फरक पडत नाही. म्हणून जी गोष्ट धान्याला लागू नाही ती वायूला लागू पडते.

आणि याचा उपयोग? उपयोग फार मोठा. दोन पोत्यांत दाणे सारखेच आहेत अशी खात्री असेल, तर दोन्ही पोती काट्यावर टाकून एकेका दाण्याच्या वजनाचे प्रमाण सांगता येईल. एकही दाणा हातात घ्यायला नको. एक माप हायड्रोजन तोलला, तेवढेच माप ऑक्सिजन तोलला. ऑक्सिजन सुमारे १६ पट जड भरतो. म्हणजे ऑक्सिजनचा एक रेणू हायड्रोजनच्या एका रेणूच्या सुमारे १६ पट जड. जो कण कोणी डोळ्यांनी पाहिला नाही तो अशा रीतीने काट्यावर आला.

एवढा मोठा विचार मांडल्यावर जगाने काय केले? काही केले नाही. निबंध छापला गेला, काहींनी वाचला असेल, आणि विषय तिथेच राहिला. १८१४ साली फ्रान्सच्या अँपिअरनेही जवळजवळ तोच विचार स्वतंत्रपणे मांडला. त्यालाही कोणी विचारले नाही. याची कारणे शोधू गेल्यास दोष एकट्या कोणाचा दिसत नाही. ॲव्होगॅड्रोंनी स्वतःचे नवे प्रयोग दिले नव्हते, त्यांनी दुसऱ्यांच्या प्रयोगांचा अर्थ लावला होता. अणू हा शब्द त्यांनी वापरलाच नाही. रेणू या एकाच शब्दाला निरनिराळी विशेषणे लावून ते दोन्ही अर्थ सांगत, त्यामुळे वाचणारा गोंधळे. शिवाय स्वीडनचा बर्झेलियस हा त्या काळचा सर्वांत वजनदार रसायनशास्त्रज्ञ. त्याच्या मते अणू विजेच्या आकर्षणाने जोडले जातात. मग एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना चिकटतीलच कसे? पुढे गंधक, फॉस्फरस, पारा यांच्या वाफा तोलल्या गेल्या, तेव्हा हिशेब जुळेना. याचे कारण आज माहीत आहे. सगळ्यांच्या रेणूत दोन-दोनच अणू नसतात. पाऱ्याच्या वाफेत एकेकटा अणू असतो, फॉस्फरसच्या रेणूत चार असतात. पण तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि चुकीचा ठरला तो ॲव्होगॅड्रोंचा नियम.

१८२० साली तुरिन विद्यापीठात गणिती पदार्थविज्ञानाचे नवे अध्यासन निघाले आणि ते ॲव्होगॅड्रोंना मिळाले. आता दिवस पालटतील असे वाटावे, तोच १८२१ साली राज्यात उठाव झाला. उठाव मोडल्यावर विद्यापीठावर सरकारची वक्रदृष्टी वळली आणि ते अध्यासनच रद्द झाले. पंचेचाळिशी ओलांडलेल्या या प्राध्यापकाला पुन्हा जुन्या धंद्याकडे जावे लागले. ते सरकारी हिशेब तपासण्याच्या कामावर रुजू झाले. ज्याने जगाला अणूंचा हिशेब शिकवला तो राज्याच्या जमाखर्चाच्या वह्या तपासत बसला. अध्यासन पुन्हा सुरू झाले ते १८३२ मध्ये, पण ते पॅरिसहून आलेल्या कोशी या प्रसिद्ध गणितज्ञाला दिले गेले. कोशी निघून गेल्यावर १८३४ साली ॲव्होगॅड्रो आपल्या जागेवर परत आले. मधली सुमारे बारा वर्षे अशी गेली. या काळातही त्यांचे लेखन थांबले नाही. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. शोध लागणे हा कधी कधी योगाचा भाग असतो, पण कोणी ऐकत नसताना आपले काम नेटाने करीत राहणे हा स्वभावाचा भाग आहे.

परत आल्यावर त्यांनी १८५० पर्यंत शिकवले. १८३७ ते १८४१ या काळात पदार्थविज्ञानावरचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शिक्षण, हवामान, लोकसंख्येची आकडेवारी अशा सरकारी कामांत त्यांनी भाग घेतला. वजनमापांच्या सुधारणेचेही काम त्यांच्याकडे होते आणि आपल्या राज्यात दशमान पद्धत आणण्यासाठी त्यांनी परिश्रम घेतले. आपल्या देशात शेर-मण जाऊन किलोग्रॅम येण्याचा कायदा झाला १९५६ साली. ॲव्होगॅड्रोंचा मृत्यू झाला ९ जुलै १८५६ रोजी, बरोबर शंभर वर्षे आधी. हा केवळ योगायोग, पण मला तो सांगावासा वाटला. मृत्यूसमयी त्यांचे वय ७९ होते. निबंध छापून ४५ वर्षे झाली होती आणि रसायनशास्त्र अजून त्या पेचातच अडकलेले होते.

पेच किती वाढला होता याचे एकच उदाहरण देते. शिरक्यात जे ॲसेटिक ॲसिड असते त्याची १९ निरनिराळी सूत्रे त्या काळी प्रचारात होती! कोणी पाण्याच्या कणात हायड्रोजनचा एक अणू धरी, कोणी दोन. प्रत्येकाचा काटा निराळा, तर व्यवहार व्हायचा कसा? अखेर सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह या गावी युरोपभरच्या रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तीन दिवस चर्चा झाली. तिथे स्तानिस्लाओ कानिझ्झारो नावाचा चौतीस वर्षांचा इटालियन प्राध्यापक उभा राहिला आणि त्याने आपल्या देशाच्या दिवंगत शिक्षकाची बाजू मांडली. हाच नियम धरून, आणि आपले विद्यार्थी शिकवता शिकवता, त्याने सगळा गुंता सोडवला होता. परिषदेत ठराव झाला नाही. पण निघताना कानिझ्झारोची एक छोटी पुस्तिका सभासदांना वाटली गेली. जर्मनीच्या लोथार मायरने ती वाचली आणि त्याच्या मनातली शंका फिटली. रशियाचा तरुण मेंडेलीव्हही त्या परिषदेला हजर होता. अणुभारांचा गोंधळ संपला म्हणूनच १८६९ साली त्याला आपली मूलद्रव्यांची सारणी मांडता आली.

आता उरला तो त्या संख्येचा प्रश्न. सारख्या मापात कण सारखे, हे ठरले. पण किती? १८६५ साली लोश्मिट या व्हिएन्नाच्या शाळाशिक्षकाने हवेच्या रेणूच्या आकाराचा पहिला अंदाज बांधला आणि त्यावरून संख्येचा अंदाज येऊ लागला. पुढे फ्रान्सच्या झाँ पेरँने पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ती संख्या ठरवली, आणि १९०९ साली तिला ॲव्होगॅड्रोंचे नाव सुचवले. पेरँला १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज ही संख्या प्रयोगाने मोजायची राहिलेली नाही. २० मे २०१९ पासून ती जगाने एकमताने पक्की ठरवून टाकली आहे. ६०२२१४०७६ आणि त्यापुढे १५ शून्ये. इतके कण म्हणजे एक मोल.

डझन म्हणजे १२, शेकडा म्हणजे १००, तसा हा मोल. पण केवढा! हरभऱ्याच्या १०० दाण्यांचे वजन अदमासे २० ग्रॅम धरले, तर एक मोल हरभरा सबंध भारतभर पसरल्यावर त्याचा थर सुमारे ४५ किलोमीटर उंच होईल. एव्हरेस्टच्या पाचपट! आणि पाण्याचे तितकेच रेणू अवघ्या १८ ग्रॅम पाण्यात असतात. ते चहाच्या चार चमच्यांतही मावतील. रेणू किती लहान आहे ते यावरून कळते.

बहिणीचे गणित शेवटी मी वडिलांच्या काट्यावरून समजून घेतले. एका क्विंटलमध्ये हरभऱ्याचे दाणे किती, असे विचारले तर कोणी मोजत बसणार नाही. १०० दाणे २० ग्रॅमचे, तर १००००० ग्रॅममध्ये ५००० वेळा शंभर, म्हणजे ५ लाख दाणे. वजनाला वजनाने भागले, आलेल्या उत्तराला संख्येने गुणले, झाले. रसायनशास्त्रातही अगदी हेच करायचे आहे. आपल्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यात सोडा असतो. शुद्ध सोड्याच्या एका मोलचे वजन १०६ ग्रॅम. त्यात सोडियम दोनदा २३, कार्बन १२ आणि ऑक्सिजन तीनदा १६. समजा, आपल्याजवळ ५३ ग्रॅम सोडा आहे. ५३ ला १०६ ने भागले, अर्धा मोल झाला. अर्ध्या मोलमध्ये ३०११ पुढे २० शून्ये इतके एकक. प्रत्येकात सोडियमचे दोन कण, म्हणून सोडियमचे कण ६०२२ पुढे २० शून्ये, म्हणजे पूर्ण एक मोल. उलट जायचे असेल तर कणांच्या संख्येला मोलच्या संख्येने भागायचे आणि १०६ ने गुणायचे, की ग्रॅम हाती येतात. ग्रॅमपासून कणांपर्यंतच्या या वाटेवर मोल हा मधला थांबा आहे, तो चुकवून पुढे जाता येत नाही. बहिणीने हे वहीत उतरवून घेतले, आणि मी काट्यावर पोती चढवणाऱ्या माझ्या वडिलांकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागले. अक्षरओळख नसलेला हा माणूस रोज न मोजता मोजतो आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपण खेड्यातून आलेली मुले एक गोष्ट मनाशी घट्ट धरून असतो, की ज्ञान मोठ्या शहरात तयार होते आणि आपल्यापर्यंत येते ते फक्त पाठ करण्यासाठी. ॲव्होगॅड्रोंचे चरित्र वाचल्यावर मला या समजुतीला धक्का बसला. प्रयोग पॅरिसचा, सिद्धान्त मँचेस्टरचा, पण दोघांची गाठ बसली ती भातशेतीच्या मुलखातल्या एका विद्यालयात. आपल्याकडेही बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकात कोल्हापुरात शिकवता शिकवता रसायनशास्त्राची पुस्तके मराठीत लिहिली, तेव्हा त्यांनाही वाचक किती होते? आडगावी असणे हा अडथळा खराच. ॲव्होगॅड्रोंना तो नडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांचे म्हणणे ऐकले जायला जवळपास पन्नास वर्षे लागली आणि ते पाहायला ते राहिले नाहीत. पण आडगावामुळे त्यांच्या विचारात उणेपणा आला नाही.

दुसरी गोष्ट कानिझ्झारोची. विसरल्या गेलेल्या माणसाचे म्हणणे खरे आहे असे पटल्यावर तो ते घेऊन भर सभेत उभा राहिला, आणि श्रेय ज्याचे त्याला दिले. असा एक विद्यार्थी मागे निघाला तरी शिक्षकाचे आयुष्य सार्थकी लागते. कानिझ्झारो हा ॲव्होगॅड्रोंच्या वर्गात कधी बसलाही नव्हता. त्याने त्यांना ओळखले ते त्यांच्या लिखाणातून. आपल्या ग्रंथालयात धूळ खात पडलेल्या पुस्तकांत अशी किती माणसे कोणाची तरी वाट पाहत असतील, हे आपल्यापैकी कोणीतरी उघडून पाहायला हवे.